मिक्सरची भीती, पाटीच्या पेन्सिली आणि होमिओपॅथीचं औषध

पत्र: नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. तीन वर्षांचा असल्यापासून त्याला विचित्र गोष्टींची भीती वाटते. मिक्सर लावला की कान दाबून बाहेर पळतो. फुगे लावलेले दिसले की वाढदिवसाच्या घरात पाऊल टाकत नाही. मोरीच्या जाळीजवळ उभा राहत नाही, त्यामुळे आंघोळ मोरीच्या दाराशी पाट मांडून घालावी लागते. खाण्यात फक्त दहीभात, इडली, पोह्याचा पापड आणि ग्लुकोजची बिस्किटं. हिरवं काही ताटात दिसलं तरी ओकारी काढतो. दूध मात्र दिवसाला चार-पाच पेले पितो. पाटीच्या पेन्सिली लपवून खातो. शौचाला तीन-चार दिवसांनी होते. वजन १६ किलो. इथल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी दीड तास सगळं विचारून कॅल्केरिया कार्ब २०० दिलं, त्याला दोन महिने झाले. मावसबहीण म्हणते फॉस्फरस द्यायला हवं होतं. मी मोबाइलवर वाचलं तर स्ट्रामोनियम जुळतंय असं वाटलं. सासूबाई म्हणतात, वयाबरोबर जाईल. नेमकं कोणतं औषध द्यावं? शिवाय शाळेत बाई डबा संपेपर्यंत त्याला बसवून ठेवतात, त्यामुळे सकाळी जाताना रोज रडारड असते.
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाकडे इतकं बारीक लक्ष असलेल्या आया-बाबांची पत्रं आली की उत्तर देणं सोपं जातं. औषधाच्या प्रश्नाला मी बगल देणार नाही, पण त्याआधी एक काम सांगते, कारण ते या आठवड्यातच व्हायला हवं. मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीरम फेरीटिन (शरीरातला लोहाचा साठा), एवढं तरी हवंच. जमलं तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही.

कारण पाटीच्या पेन्सिली. तुम्ही ही गोष्ट पत्रात मध्येच, जाता जाता लिहिली आहे. मला मात्र सगळ्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. पेन्सिल, खडू, माती, भिंतीचे पोपडे, कच्चे तांदूळ असं काहीबाही खाण्याची ओढ लागली की आधी शरीरात लोह कमी आहे का ते पाहायचं असतं. त्याला जोडून दिवसाला चार-पाच पेले दूध. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि दुधातलं कॅल्शियम व प्रथिनं दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. पोट दुधानेच भरतं, मग भूक लागत नाही, जेवण पांढऱ्या चार पदार्थांवर येतं, आणि शौच कडक होऊन अडकते. अडकलेलं पोट भूक आणखी मारतं. लोह कमी असलेलं मूल चिडचिडं असतं, झोपेत तळमळतं, आणि ज्याची झोप नीट होत नाही ते आवाजाला, गर्दीला, नव्या गोष्टीला लवकर घाबरतं. म्हणजे तुम्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या बऱ्याचशा तक्रारी एकाच साखळीतल्या असू शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे जवळपास ६९ मुलांमध्ये रक्तक्षय (ॲनिमिया) आढळला होता. तेव्हा हे तुमच्याच घरात कसं, असं वाटून घेऊ नका.

सहा वर्षांच्या मुलाचं वजन सरासरी २० किलोच्या आसपास असतं. १६ किलो ऐकून लगेच घाबरायला नको, काही मुलं मुळातच बारीक चणीची असतात. पण गेल्या वर्षभरात वजन आणि उंची किती वाढली ते तक्त्यावर मांडून बघितलं पाहिजे. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर जुने आकडे असतील. नसतील तर लसीकरणाचं कार्ड घेऊन जा.

आता औषधाकडे वळते. तिघांनी तीन औषधं का निवडली, हे समजून घेण्यासारखं आहे. होमिओपॅथीची सुरुवात जर्मनीतल्या सॅम्युएल हानेमान यांनी केली. त्यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ १८१० साली निघाला. निरोगी माणसाला एखादा पदार्थ दिल्यावर जी लक्षणं उमटतात, तशीच लक्षणं असलेल्या रोग्याला तो पदार्थ अतिशय सौम्य करून द्यायचा, हे त्यामागचं तत्त्व. लक्षणांवरून औषध शोधायला रेपर्टरी नावाचे कोश असतात. अमेरिकेतल्या जेम्स टायलर केंट यांचा कोश १८९७ सालापासून निघाला आणि आपल्याकडचे डॉक्टर आजही तो वापरतात. त्यात मनाचं प्रकरण अगदी सुरुवातीला आहे. अंधाराची भीती, वादळाची भीती, दुधाचा तिटकारा, मांसाचा तिटकारा अशा एकेका लक्षणासमोर औषधांची यादी असते. हानेमान यांनी सांगून ठेवलं आहे की चारचौघांत दिसणाऱ्या लक्षणांपेक्षा विलक्षण, सहसा न आढळणारी लक्षणं औषध निवडताना जास्त मोलाची. त्यामुळे मोरीच्या जाळीला घाबरणारा आणि पेन्सिल खाणारा मुलगा समोर आला की होमिओपॅथ कान टवकारून ऐकतो. तुमच्या डॉक्टरांनी दीड तास दिला तो यासाठीच, आणि त्या दीड तासाबद्दल मला आदर आहे. गर्दीच्या ओपीडीत आम्हा बालरोगतज्ज्ञांना एका मुलाला दहा मिनिटंही देता येत नाहीत.

कॅल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्याच्या मधल्या थरापासून करतात. त्याच्या वर्णनात हट्टी, भित्रं, डोक्याला घाम येणारं, खडू-पेन्सिल खाणारं मूल येतं, म्हणून डॉक्टरांनी ते दिलं असणार. फॉस्फरसच्या वर्णनात आवाजाने दचकणारं, एकटं राहायला घाबरणारं, गार आणि दुधाचे पदार्थ आवडणारं मूल आहे. तुमच्या मावसबहिणीने मिक्सर आणि दुधाच्या पेल्यांकडे पाहिलं. स्ट्रामोनियम म्हणजे धोतऱ्याचा एक प्रकार. त्यात अंधाराची आणि पाण्याची भीती, रात्री किंचाळत उठणं येतं, म्हणून मोरी आठवून तुमचं बोट तिथे थांबलं. मुलगा एकच आणि लक्षणंही तीच, पण कोणत्या लक्षणाला जास्त वजन द्यायचं ते ज्याने-त्याने आपापलं ठरवलं. आणखी दोन होमिओपॅथांकडे गेलात तर पल्सेटिला किंवा बोरॅक्स अशी वेगळीच औषधंही निघू शकतील.

माझं मत स्पष्ट लिहिते. या तिन्हीतलं कोणतंही मी सुचवणार नाही, कारण यातल्या कोणत्याही औषधाने मुलाची भीती किंवा खाण्याचा तिटकारा जातो असा विश्वासार्ह पुरावा नाही. २०० पोटन्सी म्हणजे मूळ पदार्थ दर वेळी शंभर पट सौम्य करत २०० वेळा केलेली क्रिया. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपत आलेली असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला आणि होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा असलेला एकही आजार आढळला नाही असा निष्कर्ष काढला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ साली आपल्या डॉक्टरांना होमिओपॅथीची औषधं लिहून देणं थांबवायला सांगितलं, आणि फ्रान्समध्ये २०२१ पासून त्यांचा खर्च सरकारी विम्यातून मिळेनासा झाला.

‘पण आमच्या ओळखीतल्या मुलाला फरक पडला’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल, आणि ते खोटं बोलत नसतील. लहानपणीच्या बऱ्याच भीती दोन-तीन वर्षांत आपोआप ओसरतात. कुणीतरी मुलाचं सगळं ऐकून घेतलं की आईचा जीव थाऱ्यावर येतो, घरातली ओढाताण कमी होते, आणि मूलही निवळतं. हे सगळं खरंच घडतं, फक्त त्याचं श्रेय गोळीला मिळतं. शिवाय त्रास कमी झाला तर औषध लागू पडलं, वाढला तर ‘औषध आतून काम करतंय’, काहीच झालं नाही तर पोटन्सी बदलू, असं ठरलेलं असेल तर औषध चुकलं हे कधी कळणारच नाही. डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा: काय दिसलं म्हणजे हे औषध चुकलं असं आपण मानायचं?

माझी खरी चिंता गोळीपेक्षा निघून जाणाऱ्या दिवसांची आहे. कॅल्केरियाच्या वर्णनात, बद्धकोष्ठ असताना या माणसाला उलट बरं वाटतं, असं एक लक्षण दिलेलं असतं. पेन्सिल खाणं हीही तिथे औषध ओळखण्याची खूण ठरते. म्हणजे ज्या दोन तक्रारींसाठी मुलाचं पोट आणि रक्त तपासायला हवं होतं, त्या दोन्ही वहीत लिहिल्या गेल्या आणि दोन महिने गेले. यात डॉक्टरांना किंवा तुम्हाला मी दोष देत नाही. पद्धतच तशी आहे. तुमचा त्या डॉक्टरांवर विश्वास असेल तर मी नातं तोडायला सांगणार नाही. मात्र तपासण्या आणि त्यावरचे उपचार त्या गोळ्यांसाठी थांबवायचे नाहीत. बाटलीवर औषधाचं नाव लिहिलेलं नसेल तर ते घ्यायचं नाही. आणि मोबाइलवर वाचून स्वतः स्ट्रामोनियम आणायचं नाही. धोतरा हे विष आहे आणि कमी पोटन्सीच्या औषधात ते प्रत्यक्ष असू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१७ साली दात येणाऱ्या बाळांच्या काही होमिओपॅथी गोळ्यांमध्ये बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण लेबलपेक्षा कितीतरी जास्त आढळलं होतं.

त्या दीड तासात तुम्ही सांगितलेलं सगळं मात्र फेकून देऊ नका. भीती कधीपासून, कशाची, कोणत्या वेळी, काय खातो, त्याचा रंग कोणता, मऊ की कुरकुरीत, हे एका कागदावर लिहून बालरोगतज्ज्ञांपुढे ठेवा. त्यात मला एक धागा दिसतो. मिक्सर आणि फुगा म्हणजे अचानक मोठा आवाज. मोरीच्या जाळीतून पाणी गुरगुरत आत जातं. खाण्यातलं सगळं पांढरं, बेचव आणि रोज हुबेहूब तसंच असणारं. इडली परवा होती तशीच आज असते, पण भाजीचा प्रत्येक घास वेगळा लागतो. काही मुलांचे कान, जीभ आणि त्वचा जास्त हळवी असतात. त्यांना कढीपत्त्याचं एक पान किंवा केळ्याची एक शीर तोंडात आलेली लगेच कळते. असं मूल मुद्दाम नखरे करत नसतं.

म्हणून डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा. एक, कानांची तपासणी. दुसरी, विकासाची तपासणी. तो बरोबरीच्या मुलांत खेळतो का, हाक मारल्यावर बघतो का, गप्पा मारतो का, एकाच गोष्टीचा ध्यास घेतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या हळवेपणाबरोबर तेही असेल तर स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीने पाहावं लागतं. नुसत्या मिक्सरच्या भीतीवरून कुणी तसा शिक्का मारू नये. खाण्याचा तिटकारा इतका असेल की वाढ खुंटते किंवा पोषणाची कमतरता होते, तर त्यालाही २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानांत स्वतंत्र जागा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आर्फिड’ म्हणतात. जिल्हा रुग्णालयांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं चालतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि थेरपिस्ट एका छताखाली आणि मोफत भेटावेत अशी सोय केलेली आहे. शाळेच्या तपासणीला येणाऱ्या पथकाकडून चिठ्ठी मागून घ्या. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

घरात काय करायचं ते सांगते. दूध एकदम बंद करू नका, घरात युद्ध होईल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत दिवसाला दोन पेल्यांवर, साधारण ४०० मिलीवर आणा, आणि जेवणाआधीच्या दोन तासांत देऊ नका. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं तर ते दुधाबरोबर द्यायचं नाही, लिंबाच्या सरबताबरोबर चालेल. शौच काळी होईल, घाबरू नका. बद्धकोष्ठाचं औषध आधी किंवा बरोबरच सुरू करायला सांगा, नाहीतर लोहाने ते वाढलं की मूल औषधच नाकारतं. शाळेत जंताची गोळी देतात ती चुकली असेल तर तेही सांगा. लोह भरून आलं की पेन्सिलींची ओढ बऱ्याचदा काही आठवड्यांत कमी होते. तोवर त्यावरून मारू नका, लाजवू नका.

नवा पदार्थ त्याच्या आवडत्या पदार्थाच्या शेजारचा निवडा. दहीभातावरून एकदम पालकावर उडी नको. आधी दहीभातात चिमूटभर मेतकूट. ते पचनी पडलं की तूप-मेतकूट भात, मग त्यावर चमचाभर साधं, फोडणी नसलेलं मुगाचं वरण. पोह्याच्या पापडाशेजारी नाचणीच्या पापडाचा एक तुकडा, कारण कुरकुरीतपणा ओळखीचा आहे. इडलीच्या पिठात थोडं मुगाच्या डाळीचं पीठ, पण त्याला सांगून. इडलीत पालक-बीट लपवू नका. अशी मुलं ते हमखास ओळखतात आणि मग इडलीवरचाही विश्वास उडतो. मग तुमच्याकडे चारऐवजी तीनच पदार्थ उरतील.

ताटात एक तरी त्याच्या हक्काचा पदार्थ रोज असू द्या, त्याशेजारी नखाएवढा नवा. खाल्लाच पाहिजे असं म्हणायचं नाही. बघितला, वास घेतला, बोट लावलं, जिभेला टेकवला, सगळं चालतं. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मूल एखादा पदार्थ तोंडात घालतं, काहींना त्याहूनही जास्त वेळ लागतो. आपण तिसऱ्या दिवशीच हार मानतो. टीव्ही-मोबाइल बंद, अर्ध्या तासात ताट उचलायचं, आणि ‘एवढंच खाल्लंस?’ हा प्रश्न घरातल्या कुणीच विचारायचा नाही. सासूबाईंना हे अवघड जाईल. नातवाने चार घास जास्त खावेत हीच त्यांची माया असते. त्यांनाच हे काम द्या. रोज त्याच्याबरोबर जेवायला बसून भाजी मिटक्या मारत खायची, त्याला आग्रह मात्र करायचा नाही.

भीतीचंही तसंच, पायरीपायरीने. तो शाळेत गेल्यावरच वाटण करून ठेवत असाल तर ते आता बदलायला हवं. ज्या गोष्टीपासून मूल कायम लांब राहतं तिची भीती वाढतच जाते. तसंच काकांनी त्याच्या कानाशी फुगा फोडून ‘बघ, काही झालं का?’ करणंही चुकीचं, त्याने भीती दुप्पट होते. मिक्सरची वायर काढून ठेवा आणि भांडं त्याला बसवू द्या. मग तो बाहेरच्या खोलीत, दार लावलेलं, तुम्ही सांगून दोन सेकंद मिक्सर लावा. मग पाच सेकंद. मग दार किलकिलं. शेवटी बटण त्याच्याच हातात द्या. आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे ज्याच्या हातात असतं, त्याला तो आवाज सोसतो. एका पायरीवर दोन-चार दिवस थांबलात तरी हरकत नाही, पण तो रडत असताना पुढे ढकलू नका. मोरीसाठी तांब्याभर पाणी जाळीवर त्यालाच ओतू द्या, आधी दारातून, मग एक पाऊल आत येऊन. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ नेऊ नका किंवा कान झाकणारे हेडफोन लावा.

आणि घरात ‘जेवला नाहीस तर बागुलबुवा नेईल’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ असं कुणी म्हणत असेल तर आजपासून बंद. ज्याला आधीच मोरीत काहीतरी आहे असं वाटतं, त्याच्यासाठी ती धमकी खरीच असते.

‘वयाबरोबर जाईल’ हे सासूबाईंचं म्हणणं भीतीच्या बाबतीत अर्धं खरं आहे. पण तीन वर्षं टिकलेली, आंघोळ आणि शाळा अडवणारी भीती आणि लोह कमी झालेलं रक्त, यांना वाट पाहणं परवडत नाही. वजन उतरू लागलं, हिरड्यांतून रक्त आलं, पाय दुखून चालेनासा झाला, अंधूक उजेडात धडपडू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एखाद-दोन दिवसांत अचानक नवीच भीती सुरू झाली किंवा खाणं थांबलं, तरीही. आणि कधी तो एखाद्या ठरावीक माणसाला किंवा जागेला घाबरू लागला तर त्याला शांतपणे जवळ घेऊन विचारा. जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. गरज वाटली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.

राहिला डबा. शाळेतल्या बाईंना एकट्याने भेटा, मुलासमोर नको. डॉक्टरांच्या तपासणीचा कागद बरोबर न्या, त्याने बोलणं सोपं होईल. त्यांना सांगा की याचा खाण्याचा त्रास वैद्यकीय आहे, उपचार सुरू आहेत, आणि बसवून ठेवल्याने तो शाळेलाच घाबरू लागला आहे. पुढचे तीन महिने डबा उरला तर उरू द्या, काय उरलं ते आम्ही घरी बघू, एवढीच विनंती करा. डब्यात सध्या इडलीच द्या, रोज दिली तरी चालेल. नव्या पदार्थाचे प्रयोग घरी, शाळेत नाही. आणि पाटीच्या पेन्सिलींऐवजी त्याला शिसपेन्सिल वापरायची परवानगी मिळते का, तेही त्याच भेटीत विचारून या.